लाल केसांची शिक्षिका खरोखर होती का?

पाचवे सत्र (प्रश्न)

नमस्कार. मी सध्या विधी शाखेत शिकते आहे आणि त्याआधी सहा वर्षे एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते. प्रशासकीय कायद्याच्या तासाला आम्हाला वेन्सबरी खटल्याचे तत्त्व शिकवले. सार्वजनिक संस्थेचा एखादा निर्णय इतका अवाजवी असेल की कोणीही समंजस माणूस तो घेणारच नाही, तर न्यायालय तो रद्द करू शकते, असे ते तत्त्व आहे. त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे केस लाल आहेत एवढ्याच कारणावरून नोकरीवरून काढलेली शिक्षिका. सरांनी उदाहरण सांगितले, वर्ग हसला आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

माझ्या डोक्यातून मात्र ती बाई जाईना. थोडे शोधल्यावर कळले की हे उदाहरण वेन्सबरीच्या निकालपत्रात दुसऱ्या एका खटल्यातून आले आहे. तो खटला म्हणजे शॉर्ट विरुद्ध पूल नगरपालिका. त्यातली शिक्षिका खरीखुरी होती आणि तिला काढण्याचे कारण केसांचा रंग नसून तिचे लग्न झालेले असणे हे होते. शिवाय ती तो खटला हरली. येथेच माझा गोंधळ सुरू होतो. ब्रिटनच्या संसदेने १९१९ च्या डिसेंबरात जो कायदा केला, त्यात लिंग किंवा विवाह या कारणाने कोणीही सार्वजनिक पद धारण करण्यास किंवा व्यवसाय करण्यास अपात्र ठरणार नाही, असे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. असा कायदा अस्तित्वात असताना सहाच वर्षांनी एका विवाहित शिक्षिकेला न्यायालयातून रिकाम्या हाताने परतावे लागते, हे कसे? आणि हा प्रकार एका गावापुरता होता की सर्वत्र होता?

वादी-प्रतिवादी

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९१९ च्या कायद्याने ‘अपात्रता’ दूर केली, पण नोकरीत ठेवण्याचे बंधन कोणावरही घातले नाही. या दोहोंमधल्या फटीतून पुढची पंचवीस वर्षे विवाहित शिक्षिका बाहेर ढकलल्या गेल्या.

ही फट पहिल्यांदा उघड झाली ती दक्षिण वेल्समधील ऱ्होंडा या कोळसाखाणींच्या खोऱ्यात. तेथील जिल्हा परिषदेने १९२२ मध्ये आपल्या शाळांतील विवाहित शिक्षिकांना नोटिसा दिल्या आणि पन्नासहून अधिक शिक्षिका एकत्र येऊन न्यायालयात गेल्या. १९२३ च्या निकालात न्यायमूर्ती ईव्ह यांनी नव्या कायद्याचा आधार त्यांना दिला नाही. बाळंतपणामुळे ज्यांच्या कामात खंड पडण्याची शक्यता आहे अशा शिक्षिकांपेक्षा परिषदेने अविवाहित शिक्षिका पसंत केल्या, तर त्याने सार्वजनिक धोरणाचा भंग होतो असे म्हणणे म्हणजे ताणून धरणे होय, असा त्यांचा सूर होता. करारात नोटीस देऊन काम थांबवण्याची मुभा होती, नोटीस रीतसर दिली होती, आणि त्यापुढे पाहण्याची न्यायालयाला गरज वाटली नाही.

पूल हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदराचे गाव. श्रीमती शॉर्ट यांच्या वकिलांनी ऱ्होंडाच्या अनुभवावरून वेगळी वाट धरली. नगरपालिकेला शिक्षिका काढण्याचा अधिकार आहे हे त्यांनी मान्य केले, पण तो अधिकार शिक्षणाच्या हितासाठी दिलेला आहे आणि शिक्षणाबाहेरच्या हेतूसाठी वापरला तर तो वापर अवैध ठरतो, असे मांडले. हा युक्तिवाद भक्कम होता, कारण नगरपालिकेने स्वतःच दोन कारणे दिली होती. विवाहित स्त्रीचे पहिले कर्तव्य घर सांभाळणे हे असून ते करून शिकवण्याचे काम नीट होणे शक्य नाही, हे पहिले. आणि पोसायला समर्थ नवरा असलेल्या बायकांनी जागा अडवून ठेवणे हा नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण अविवाहित शिक्षिकांवर अन्याय आहे, हे दुसरे. दुसऱ्या कारणाचा मुलांच्या शिक्षणाशी काही संबंध नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. खालच्या न्यायालयात न्यायमूर्ती रोमर यांनी बाईंच्या बाजूने निकाल दिलाही.

अपिलात मात्र तीन न्यायमूर्तींनी तो फिरवला. पहिले कारण शिक्षणाच्या कार्यक्षमतेशी जोडता येते, तेवढे पुरेसे आहे, असे त्यांनी ठरवले. त्याच ओघात लॉर्ड जस्टिस वॉरिंग्टन म्हणाले की उद्या एखाद्या शिक्षिकेला तिचे केस लाल आहेत अशा क्षुल्लक आणि मूर्खपणाच्या कारणाने काढले, तर तो निर्णय टिकणार नाही. थोडक्यात, अवाजवी निर्णय कसा असतो हे दाखवण्यासाठी त्यांना कल्पनेतली शिक्षिका उभी करावी लागली, कारण समोर उभी असलेली शिक्षिका त्यांच्या मते त्या व्याख्येत बसत नव्हती. पुढे वेन्सबरी खटल्यात लॉर्ड ग्रीन यांनी ते उदाहरण उचलले, तेथून ते आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत आले आणि श्रीमती शॉर्ट मागेच राहिल्या. मी स्वतः वीस वर्षांत हे उदाहरण कितीदा तोंडावर फेकले असेल याची गणती नाही, आणि मूळ निकालपत्र पहिल्यांदा उघडले ते परवा.

तिमाही

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली आहे, पण १९२२ हेच वर्ष का, याचे उत्तर न्यायालयात मिळणार नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे.

पहिल्या महायुद्धात शिक्षक आघाडीवर गेले तेव्हा याच विवाहित बायकांना शाळांनी आग्रहाने परत बोलावले होते. युद्ध संपले, पुरुष परतले, मंदी आली आणि सरकारने एरिक गेडिस यांच्या अध्यक्षतेखाली खर्चकपात समिती नेमली. या समितीची कुऱ्हाड शिक्षणावर जोरात पडली. त्याच सुमारास प्रशिक्षण महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुण मुलींना जागा मिळेनाशा झाल्या. जागा तेवढ्याच आणि उमेदवार जास्त, अशा वेळी रांगेतून कोणाला बाहेर काढायचे, याचे सर्वात सोपे उत्तर ‘जिचा नवरा कमावतो तिला’ हे होते. लंडन काउंटी कौन्सिलने १९२३ मध्ये हा नियम केला आणि १९३५ मध्ये, म्हणजे तेथे मजूर पक्षाची सत्ता आल्याच्या पुढच्या वर्षी, तो मागे घेतला. दरम्यान १९२७ मध्ये सर रॉबर्ट न्यूमन यांनी ही बंदी उठवण्यासाठी संसदेत आणलेले विधेयक फेटाळले गेले होते.

या नियमाला इंग्रजीत ‘मॅरेज बार’ म्हणतात. ऐकताना मंगल कार्यालयाला खेटून असलेली परमिट रूम डोळ्यांपुढे येते, म्हणून मी ‘विवाहबंधी’ म्हणतो. यातल्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे वेतनश्रेणी. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना २०२३ चे नोबेल मिळाले, यांनी अमेरिकेतल्या विवाहबंधीचा अभ्यास करून दाखवले की हा नियम विशेषतः अशा ठिकाणी आढळतो जेथे पगार कामापेक्षा सेवेच्या वर्षांप्रमाणे वाढत जातो. दहा वर्षे सेवा झालेली शिक्षिका महाग असते आणि कालची पदवीधर स्वस्त. दोघी एकाच इयत्तेला तेच पाढे शिकवणार असतील, तर लग्नाच्या निमित्ताने महाग शिक्षिका निघून जाणे शाळा मंडळाच्या तिजोरीला परवडणारेच असते. कौटुंबिक कर्तव्याची भाषा ठरावात येते आणि बचत अंदाजपत्रकात दिसते.

त्यांनी वापरलेल्या सर्वेक्षणांतले आकडे देतो. अमेरिकेतील शहरी शाळा मंडळांपैकी १९२८ मध्ये ६१ टक्के मंडळे विवाहित स्त्रीला नव्याने नेमत नव्हती आणि ५२ टक्के मंडळे नोकरीत असताना लग्न केलेल्या शिक्षिकेला ठेवत नव्हती. महामंदीनंतर, १९४२ मध्ये, हेच आकडे ८७ आणि ७० वर गेले. १९५०–५१ पर्यंत ते १८ आणि १० वर आले. नऊ वर्षांत अमेरिकन समाजाचे स्त्रीविषयीचे मत एवढे बदलले असे मला वाटत नाही. शाळांना शिक्षक मिळेनासे झाले, एवढे मात्र खरे.

दस्तऐवज

तिमाही यांचा तर्क बराच पटतो, पण सगळे माप शिक्षकांच्या टंचाईच्या पारड्यात टाकू नये असे वाटते. आयर्लंडचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे.

तेथे १ जुलै १९३३ रोजी किंवा त्यानंतर पात्र ठरलेल्या प्राथमिक शिक्षिकांना लग्न होताच नोकरी सोडावी लागेल, असा नियम सरकारने केला. त्याआधी पात्र झालेल्यांना तो लागू नव्हता. त्यामुळे एकाच शाळेत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, लग्न करून शिकवणारी वडीलधारी बाई आणि लग्न केले तर घरी जावे लागेल अशी तरुण बाई, असे चित्र पंचवीस वर्षे दिसत राहिले. नोकरी नसलेल्या नव्या शिक्षकांचा प्रश्न तेथेही होता, पण त्याच्या जोडीला घरातील स्त्रीविषयी एक ठाम राजकीय-धार्मिक कल्पना होती. ती १९३७ च्या आयरिश राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात लिहून ठेवलेली आहे. आर्थिक गरजेपोटी मातांना घरातील कर्तव्यांकडे दुर्लक्ष करून काम करावे लागू नये यासाठी राज्य प्रयत्न करील, असे ते कलम म्हणते. २०२४ च्या मार्चमध्ये ते बदलण्यासाठी सार्वमत घेतले गेले आणि मतदारांनी तो बदल नाकारला, म्हणून ते शब्द आजही तेथेच आहेत.

शिक्षिकांवरची बंधी १९५८ मध्ये उठली. त्या वेळी शिक्षणमंत्री जॅक लिंच होते, जे पुढे पंतप्रधान झाले. प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा हे त्यामागचे मोठे कारण होते, हे मी मान्य करतो. पण तुटवडा नसलेल्या सरकारी कचेऱ्यांत तीच बंधी १९७३ पर्यंत चालू राहिली. कारकून बाईने लग्न केले तर राजीनामा आणि शिक्षिकेने केले तर अभिनंदन, अशी त्या मधल्या पंधरा वर्षांची स्थिती होती. टंचाईने दार कधी उघडले ते कळते. दार मुळात का लावले होते, ते टंचाईने कळत नाही.

ब्रिटनविषयी एक पुरवणी. तेथे शिक्षिकांवरची बंधी १९४४ च्या शिक्षण कायद्याने संपली. केवळ विवाहाच्या कारणाने कोणतीही स्त्री शिक्षिका म्हणून अपात्र ठरणार नाही किंवा काढली जाणार नाही, असे कलम त्यात आले. १९१९ च्या कायद्यात नसलेला ‘काढली जाणार नाही’ हा भाग येथे आला, म्हणजे वकीलसाहेब ज्या फटीविषयी म्हणाले ती बुजवायला पाव शतक लागले. याच विधेयकावरील चर्चेत थेल्मा कॅझलेट-कीर यांची शिक्षिकांना समान वेतन देण्याची दुरुस्ती २८ मार्च १९४४ रोजी ११७ विरुद्ध ११६ अशा एका मताने मंजूर झाली होती. चर्चिल यांनी तो सरकारवरील विश्वासाचा प्रश्न केला आणि सभागृहाला ती दुरुस्ती मागे घ्यायला लावली. विवाहित शिक्षिकेला ठेवायला तयार झालेले सरकार तिला पुरुषाइतका पगार द्यायला तयार नव्हते. तो पगार टप्प्याटप्प्याने यायला १९६१ उजाडले.

दुसरी घंटा

मी निवृत्त शिक्षिका आहे. वरची चर्चा वाचताना सारखे वाटत होते की आपल्याकडे हे उलट होते आणि सुलटही होते.

उलट असे, की महाराष्ट्रातली पहिली प्रसिद्ध शिक्षिका विवाहितच होती. सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात शिकवू लागल्या त्या जोतीरावांच्या पत्नी म्हणून. त्यानंतर सरकारला शिक्षिका हव्या होत्या तेव्हा अडचण अशी होती की लहान वयात लग्न होत असल्याने अविवाहित प्रौढ स्त्री मिळणेच दुर्मीळ. म्हणून १८८२ च्या हंटर आयोगाने शिफारस केली की शाळामास्तरांच्या बायकांना शिक्षिका होण्यासाठी उत्तेजन द्यावे आणि योग्य अशा विधवांना प्रशिक्षण द्यावे. अण्णासाहेब कर्व्यांची संस्था, रमाबाई रानड्यांचे सेवासदन, येथून तयार झालेल्या शिक्षिकांत विधवा स्त्रियांची मोठी रांग दिसते ती याच पार्श्वभूमीवर. इंग्लंडला नवरा असलेली बाई शाळेत नको होती. आपल्याकडे नवरा मास्तर असला तर चालत होता, किंवा नवरा नसला तर चालत होता. आणि या दोन्हींमध्ये न बसणाऱ्या बाईला शाळेचा रस्ता बराच लांब पडत होता.

सुलट काय ते माझ्या मावशीच्या गोष्टीवरून सांगते. १९६८ मध्ये ती तालुक्याच्या गावातल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत लागली. मुलाखतीत अध्यक्षांनी गणिताचा एक प्रश्न विचारला आणि नंतर विचारले, “स्थळं बघतायत का घरी?” ती म्हणाली, अजून नाही. नेमणूक मिळाली, जूनपासून एप्रिल अखेरपर्यंत. एप्रिलच्या तीस तारखेला सेवा आपोआप संपायची, मे महिन्याचा पगार वाचायचा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात नवे पत्र यायचे. हे पत्र कार्डाच्या आकाराचे, सायक्लोस्टाइल केलेले, नाव तेवढे शाईने लिहिलेले असायचे. तिच्याकडे अशी तीन पत्रे जपून ठेवलेली होती. लग्न झालेल्या बाईला ठेवायचे नाही असा नियम त्या संस्थेत कोठेही लिहिलेला नव्हता, आणि लिहिण्याची गरजही नव्हती. ज्याची नोकरी दरवर्षी एप्रिलमध्ये संपते त्याला काढावे लागत नाही, फक्त पत्र पाठवायचे राहते.

म्हणून १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली यांचे मोल आमच्या पिढीतल्या बायकांना विचारावे. त्यात विवाहित स्त्रियांचे नाव काढलेले नाही. त्याने सेवेला संरक्षण दिले, आणि मर्जी गेली की तिच्याबरोबर पुष्कळसे न लिहिलेले नियमही जातात.

वादी-प्रतिवादी

बाईंचा शेवटचा मुद्दा ऱ्होंडा आणि पूल या दोन्ही निकालांच्या मुळाशी आहे. तेथेही शिक्षिका मर्जीवर होत्या.

भारतातल्या लिहिलेल्या नियमांचेही सांगतो. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतल्या एका औषध कंपनीतील प्रकरण आले. तेथे पॅकिंग विभागातल्या मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपत असे. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने विचारले की गैरहजेरी मुलांमुळे असेल, तर मुले असलेल्या विधवेला तोच न्याय का लावत नाही? ती अट रद्द झाली. ऱ्होंडामध्ये जो तर्क चालला होता तोच येथे बेचाळीस वर्षांनी पुराव्याच्या कसोटीवर पडला. १९७९ मध्ये परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या सेवेतल्या अशाच नियमांवर कडक ताशेरे ओढले. त्या नियमांप्रमाणे स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी लागे आणि लग्नानंतर तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे.

पण हुरळून जाऊ नये. १९८१ च्या नर्गेश मिर्झा निकालात न्यायालयाने हवाई सुंदरींना पहिल्या गर्भारपणात काढण्याचा नियम रद्द केला आणि नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र वैध ठरवली. विद्यार्थी सहसा त्या निकालाचा पहिला अर्धाच पाठ करतात.

पाचवे सत्र

सर्वांचे मनापासून आभार. ‘अपात्र ठरणार नाही’ आणि ‘काढली जाणार नाही’ यांतला फरक मी आता परीक्षेपुरता नव्हे तर कायमचा लक्षात ठेवीन. सरांना श्रीमती शॉर्ट यांच्याविषयी सांगितले. त्यांनी पुढच्या तासाला दहा मिनिटे मला बोलायला दिली आहेत.

दुसरी घंटा, आपली हरकत नसेल तर एक विचारते. मावशींची तीन पत्रे आहेत म्हणालात. चौथे?

दुसरी घंटा

हरकत कसली. १९७१ च्या मे महिन्यात तिचे लग्न झाले. जूनमध्ये पोस्टमन दोनदा घरावरून पुढे गेला, तेव्हा आजोबांनी तिला जिल्हा परिषदेचा अर्ज आणून दिला. तेथे एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत ती लागली. रोज साडेतीन किलोमीटर चालत जाई. २००६ मध्ये ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली.